सभेत उभं राहून बोलायची भीड कशी मोडायची? (सोसायटी, ग्रामसभा, पालकसभा)

वळचण

सप्टेंबर आला की गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सुरू होतात. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावीच लागते. आणि दरवर्षी सभा आटोपली की पार्किंगमध्ये तेच वाक्य ऐकू येतं, "बोलायचं होतं हो, पण धीरच झाला नाही." ग्रामसभेनंतर पारावर आणि पालकसभेनंतर शाळेच्या फाटकाशीही हेच. हा धागा त्याच धीरासाठी आहे. कृपया "सकारात्मक राहा" छापाचे प्रतिसाद टाळू या. नेमकं काय करायचं, किती वेळा करायचं आणि कुठे फसतं, एवढंच लिहू.

सुरुवात मी करते. आत्मविश्वास आधी गोळा करायचा आणि मग बोलायचं, हा क्रमच उलटा आहे. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये "मला हे जमेल" ही खात्री कुठून येते याची मांडणी केली. त्यात त्यांनी चार उगम सांगितले. स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला हुरूप आणि स्वतःच्या शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यात सर्वांत बळकट पहिला, आणि आपण मात्र तिसऱ्यावरच सगळा भर देतो. "तू बोल रे, तुला येतं" असं दहा जणांनी सांगूनही जे होत नाही ते सभेत एक वाक्य बोलून होतं.

म्हणून "आत्मविश्वास वाढवायचा" हे ध्येय ठेवू नका, त्याची तारीख लागत नाही. "या सभेत लिफ्टच्या खर्चाबद्दल एक प्रश्न विचारायचा" हे ध्येय ठेवा.

तिथवर जायला पायऱ्या लागतात. वहीच्या पानावर ज्या प्रसंगांची भीड वाटते असे आठ-दहा प्रसंग लिहा आणि प्रत्येकापुढे ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा टाका. सोसायटीपुरता एक नमुना असा:

लिफ्टमध्ये अनोळखी सभासदाला स्वतःहून ओळख देणं, १५.
दुकानात चुकीची वस्तू बदलून मागणं, ३०.
सचिवांना गाठून हिशोबातली एक बाब विचारणं, ४०.
सभेत मागून "ऐकू येत नाही, जरा मोठ्यानं बोला" असं म्हणणं, ५०.
एखाद्या ठरावाला नाव सांगून अनुमोदन देणं, ६०.
लिहून आणलेला प्रश्न विचारणं, ७५.
उत्तरावर उलट प्रश्न विचारणं, ८५.
सगळे "हो" म्हणत असताना "माझा विरोध नोंदवा" म्हणणं, ९५.

सुरुवात ३०-४० च्या आसपास करा. १५ वाली पायरी इतकी सोपी असते की त्यातून काही शिकायला मिळत नाही, आणि थेट ९५ वर उडी मारून फजिती झाली तर माणूस दोन वर्षं गप्प बसतो. एक पायरी भीती निम्म्यावर येईपर्यंत करायची. बहुतेकांना त्यासाठी तीन-चार फेऱ्या लागतात. अनुमोदनाची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. त्यात फक्त "मी अमुक, माझं अनुमोदन" एवढंच बोलायचं असतं, कोणी उलट विचारत नाही, आणि तरीही भरल्या सभेत आपला आवाज आपल्याच कानांवर पडतो.

---

तळटीप

चांगला धागा. एक शंका. पायऱ्या चढूनही भीती तशीच राहते असं पुष्कळ जण सांगतात. पन्नास वेळा बोललेली माणसंही दर वेळी तेवढीच घाबरतात. असं का होतं?

---

वळचण

@तळटीप, बहुतेक वेळा बचावाच्या सवयींमुळे. माणूस बोलतो खरा, पण कागदातून डोकं वर काढत नाही, एका दमात बोलून टाकतो, दाराजवळच बसतो, "माझं चुकत असेल, पण..." अशी सुरुवात करतो. मग सगळं नीट पार पडलं तरी मन त्याचं श्रेय त्या सवयीला देतं. "कागदात बघत राहिलो म्हणून वाचलो." भीती तपासलीच गेली नाही, त्यामुळे ती जागच्या जागी राहते. प्रत्येक फेरीला यातली एकच सवय सोडायची. पहिल्या फेरीत "माझं चुकत असेल" काढा. दुसऱ्या फेरीत शेवटचं वाक्य मान वर करून बोला.

दुसरं कारण म्हणजे भाकिताची नोंद नसणं. सभेला जाण्याआधी वहीत दोन ओळी लिहा, "मी बोललो की लोक हसतील, शक्यता ७० टक्के. अध्यक्ष झिडकारतील, ५० टक्के." परत आल्यावर अर्ध्या तासाच्या आत समोर लिहा, काय झालं. फक्त जे दिसलं आणि ऐकू आलं ते. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, रात्रभरात आठवण भीतीच्या बाजूने वाकते. पाच-सहा नोंदी झाल्यावर पान उलटून आकडे बघा. इथे मन वळवायला युक्तिवाद लागत नाही, स्वतःच्याच अक्षरातला पुरावा समोर असतो.

आणि हेही माहीत असू द्या. २००० साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून वर्गात पाठवलं. त्यांना वाटलं, खोलीतल्या सुमारे निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात ओळखणारे सुमारे पाव होते. २००३ मध्ये त्याच वाटेवरच्या दुसऱ्या प्रयोगात भाषण करणाऱ्यांना आधीच सांगितलं की तुमची धडधड तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. ज्यांना हे सांगितलं त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. छाती धडधडते ती आपल्याला आतून ऐकू येते, तिसऱ्या रांगेला नाही.

---

स्वरपेटी

आवाजाबद्दल लिहितो, कारण "आवाज थरथरतो" ही तक्रार पहिली असते.

घाबरलं की आपण नकळत श्वास रोखून धरतो. छातीच्या वरच्या भागातच हवा खेळते, मानेचे आणि घशाचे स्नायू आवळले जातात, आवाज वर चढतो आणि वाक्य संपायच्या आत हवा संपते. शेवटचे शब्द कापतात ते त्यामुळे. उपाय उभं राहण्यापूर्वीचा आहे. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा. असं बसल्या जागी पाच-सहा वेळा, कोणाच्या लक्षातही येत नाही. भर सोडण्यावर द्यायचा, लांबलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. "दीर्घ श्वास घ्या" या सल्ल्यावर लोक भराभर मोठे श्वास घेतात आणि फसतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि माणसाला वाटतं आता चक्कर येणार.

उभं राहिल्यावर लगेच बोलू नका. आधी श्वास सोडा, मग नवा घ्या, मग पहिला शब्द. दोन सेकंदांचं काम आहे.

हातात ए-फोर कागद नको. पातळ कागद हाताचा कंप मोठा करून दाखवतो, वर सळसळतो, माइकजवळ तर फारच. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या, लग्नपत्रिकेची कोरी बाजूही चालते. त्यावर चारच ओळी, ठळक अक्षरात: विषय क्रमांक, आकडा किंवा तारीख, प्रश्न, काय हवं आहे. पूर्ण वाक्यं लिहिली की आपण वाचायला लागतो आणि एक ओळ चुकली की सगळंच घसरतं. पाठ करायचं ते फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. पहिलं यासाठी की घबराट पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात सर्वांत जास्त असते. शेवटचं यासाठी की ते ठरलेलं नसलं की माणूस "म्हणजे... एवढंच... बघा आता" करत खाली बसतो आणि नेमका प्रश्न हवेत विरतो.

वेग: सभेत मिनिटाला ११०-१२० शब्द पुरेत. दीड मिनिट बोलायचं तर मजकूर पावणेदोनशे शब्दांच्या आत ठेवा. घरी घड्याळ लावून उभ्याने, मोठ्याने, पाच वेळा म्हणा. मनातल्या मनात केलेला सराव कामाचा नाही, त्यात श्वास लागत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून एकदाच ऐका आणि दोनच गोष्टी तपासा, वेग आणि शेवटच्या शब्दाचा आवाज. स्वतःचा आवाज "विचित्र" वाटला तर सोडून द्या. तो सगळ्यांनाच वाटतो, कारण एरवी आपण तो कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो.

माइक असेल तर ओठांपासून चार बोटं लांब आणि किंचित खाली. स्पीकरच्या समोर उभं राहू नका, शिट्टी वाजते आणि सगळे दचकतात. गुडघे ताठ आवळू नका. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवला तर कंप निम्मा दिसेनासा होतो, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांना ही बचावाची सवय मी खुशाल वापरा म्हणेन. चहा-कॉफी सभेच्या दोन-तीन तास आधी थांबवा. तोंड कोरडं पडतं म्हणून पाण्याची बाटली जवळ असू द्या. घोट घ्यायचा, घटाघट प्यायचं नाही.

---

तळटीप

आरशासमोर उभं राहून "मी खंबीर आहे" म्हणायचं, किंवा कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहायचं, हे बरेच जण शिकवतात. त्याबद्दल?

---

वळचण

कमरेवर हात ठेवून उभं राहण्याचा गाजावाजा २०१० च्या एका अभ्यासावरून झाला. असं उभं राहिल्याने शरीरातली संप्रेरकं (हार्मोन) बदलतात, असा त्याचा दावा होता. २०१५ मध्ये जास्त लोकांवर तोच प्रयोग झाला तेव्हा संप्रेरकांमधला तो बदल सापडला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ अभ्यासाच्या एका लेखिकेनेच आपला आता त्या परिणामावर विश्वास नाही असं जाहीर केलं. ताठ उभं राहायला काहीच हरकत नाही, आवाज सुटा होतो. पण त्याने धीर येतो असं समजून दोन मिनिटं खर्च करू नका, तेवढ्यात कार्डावरचं पहिलं वाक्य चार वेळा म्हणून होतं.

"मी खंबीर आहे" चं तर आणखी अवघड. स्वतःबद्दल मुळात कमी वाटणाऱ्या लोकांना अशी वाक्यं घोकून उलट वाईट वाटतं असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. आतून लगेच "नाहीस" असं उत्तर येतं. त्यापेक्षा खरं असलेलं वाक्य म्हणा, "माझी धडधड होते आहे आणि मला चार ओळी बोलायच्या आहेत."

---

दप्तरदार

वर जे लिहिलंय ते मनाचं आणि घशाचं. मी सभेच्या कामकाजाबद्दल लिहितो, कारण निम्मी भीड कधी बोलायचं, कोणाला उद्देशून बोलायचं, हे ठाऊक नसल्याने असते. ती एका संध्याकाळच्या वाचनाने जाते.

वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी मिळते. सोबत विषयपत्रिका आणि हिशोबपत्रकं येतात. ती घडी घालून फ्रिजवर ठेवू नका. क्रम साधारण असा असतो: मागील सभेचं इतिवृत्त (कामकाजाची लेखी नोंद) कायम करणं, वार्षिक अहवाल आणि हिशोब, लेखापरीक्षण अहवाल, लेखापरीक्षकाची नेमणूक, अंदाजपत्रक, मग इतर विषय आणि शेवटी ऐनवेळचे विषय. नवख्याने हिशोबाच्या विषयात बोलावं. आकडा छापलेला असतो, पान दाखवता येतं, कोणी "तुमचं आपलं काहीतरी" म्हणू शकत नाही. ऐनवेळच्या विषयांची वाट पाहणारे बहुधा बोलतच नाहीत. तोवर लोक चपला घालत असतात.

प्रश्न आठवडाभर आधी सचिवांना लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. याचे दोन फायदे. उत्तर तयार ठेवावं लागतं, आणि सभेत "मी दिलेल्या पत्राच्या अनुषंगाने" असं म्हणून उभं राहता येतं, म्हणजे अचानक उठल्यासारखं वाटत नाही.

गणपूर्ती, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान उपस्थिती, हीही लक्षात ठेवा. आदर्श उपविधींप्रमाणे (संस्थांसाठीची नमुना नियमावली) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल तेवढे सभासद लागतात. ते वेळेवर जमत नाहीत आणि सभा बहुतेकदा अर्धा तास तहकूब होते. हा अर्धा तास मोबाइलमध्ये घालवू नका. दोघा-तिघांशी बोला, आपला प्रश्न त्यांच्या कानावर घाला. सभेत तोंड उघडण्याआधीच घसा मोकळा झालेला असतो, शिवाय खोलीत तीन ओळखीचे चेहरे तयार होतात.

बोलण्याचा नमुना (आकडे उदाहरणादाखल):

"अध्यक्ष महोदय, मी बी विंग, ३०२. विषय क्रमांक २. अहवालाच्या पान ५ वर लिफ्ट दुरुस्तीचा खर्च १ लाख ८४ हजार आहे. मागच्या वर्षी तो ६२ हजार होता. वाढ कशामुळे झाली आणि दरपत्रकं किती जणांकडून मागवली होती, एवढं सांगावं."

चाळीसेक शब्द. आरोप नाही, विशेषण नाही. इथेच सगळ्यात जास्त माणसं घसरतात. खूप दिवस साठलेलं असतं, म्हणून लिफ्टवरून पाण्यावर, पाण्यावरून पार्किंगवर जातात, मग "तुम्ही लोक" येतं आणि मूळ प्रश्न वाहून जातो. एका वेळी उभं राहाल तेव्हा एकच प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत उभेच राहा, बसलात की विषय संपला असं धरलं जातं.

आता उलट येणाऱ्या वाक्यांची तयारी. ती चार-पाचच असतात आणि सगळीकडे तीच असतात.

"एवढं वाटतं तर तुम्हीच समितीत या." यावर, "त्याचा विचार करीन. आत्ता विषय क्रमांक २ चं उत्तर मिळावं."
"लेखापरीक्षकांनी पाहिलंय सगळं." यावर, "मान्य आहे. बिलं पाहायला कोणत्या दिवशी येऊ ते सांगा."
"इतके दिवस कुठे होतात?" यावर काहीही स्पष्टीकरण न देता, "प्रश्न आज विचारतोय, उत्तर आज मिळावं."
मध्येच कोणी बोललं तर थांबा, त्यांचं होऊ द्या, मग "माझं वाक्य पूर्ण करतो" म्हणून त्याच शब्दापासून पुढे चला. आवाज चढवू नका. समोरचा ओरडत असताना तेच वाक्य त्याच पट्टीत पुन्हा म्हटलं की सभा तुमचं ऐकू लागते.

शेवटी, "माझा प्रश्न आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवावं." हे वाक्य पाठच असू द्या.

---

गावकूस

ग्रामसभेचं वेगळं लिहायला हवं. सोसायटीत फार तर शेजारी रुसतो. गावात बाई बोलली की कोणाची सून, कोणाची लेक हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सभा संपल्यावरचं बोलणं घरी ऐकावं लागतं. ही भीती मनाचे खेळ म्हणून उडवून लावू नये, ती खरी असते. म्हणून पायऱ्याही वेगळ्या लागतात.

कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा लोकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच उरकते. तिचा आग्रह धरा, कारण बोलण्याच्या सरावाला तिच्यासारखी जागा नाही.

त्याच्याही आधीची पायरी बचत गट. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या गटांत दहा ते वीस बाया असतात आणि बैठक नियमित होते. तिथे अध्यक्ष आणि सचिवच बोलतात आणि बाकीच्या सह्या करतात, असं चालू देऊ नका. दर बैठकीला वेगळ्या बाईने उभं राहून हिशोब वाचायचा, जमा किती, कर्ज कोणाला किती, हप्ता कोणाचा थकला. आकडे वाचायचे असतात म्हणून काय बोलू हा प्रश्न नसतो, आणि थकलेल्या हप्त्याचं नाव घेणं ही चांगली कठीण पायरी आहे. तीन-चार बैठका झाल्या की ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांचा मिळून संघ) बैठकीत गटाचा अहवाल मांडायचा. मग महिला सभा, मग ग्रामसभा. एवढं करायला सहा महिने ते वर्ष धरा, घाई नको.

ग्रामसभेत एकटीने जायचं नाही. तिघींनी जायचं आणि कामं वाटून घ्यायची. पहिली प्रश्न विचारते, दुसरी लगेच "माझंही तेच म्हणणं आहे" म्हणते, तिसरी सभा संपताना नोंदवहीत ठराव आला का ते बघते. दुसरीचं वाक्य तीन सेकंदांत आलं पाहिजे. पहिल्या बोलण्यानंतर शांतता पसरली की तिथेच हसणं सुरू होतं.

विषय लहान आणि डोळ्यांना दिसणारा निवडा. "गावाचा विकास" नको. "शाळेपुढच्या खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद आहे, कधी लागेल?" हा प्रश्न ठेवा. अर्ज आधीच ग्रामसेवकांकडे द्यायचा (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी आहे, लोक ग्रामसेवकच म्हणतात) आणि पोच पदरात ठेवायची. दिवा लागला की पुढच्या सभेला त्या बाईला बोल म्हणावं लागत नाही.

बोलीबद्दलही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या बाया "आम्हाला शुद्ध येत नाही" म्हणून गप्प राहतात. ग्रामसभा गावाची आहे, गावच्या बोलीत बोला. परक्या भाषेत वाक्य जुळवत बसलं की निम्मं लक्ष शब्दांवर जातं आणि आकडा विसरतो. आकडा, तारीख, ठिकाण, माणसाचं पद, ही चार बिनचूक असली की पुरे.

२०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांना आहेत. खुर्ची मिळाली आहे, खुर्चीवरून बोलण्याचा सराव मात्र बचत गटातच करावा लागतो, हे सरपंच बायांनाही लागू.

---

शंखपुष्पी

गावकूसताई, फार नेमकं लिहिलंत. इंग्रजी माध्यमाच्या पालकसभेचं काय? आई-वडील मराठी शाळेत शिकलेले, बाई इंग्रजीत बोलतात, आणि पाच मिनिटांत "ओके, थँक्यू" करून बाहेर.

---

वळचण

@शंखपुष्पी, पाच मिनिटं असतील तर एकच प्रश्न, तोही नेमका: "गणितात कोणत्या प्रकारची उदाहरणं चुकतात आणि घरी काय करून घेऊ?" "कसा आहे अभ्यास?" विचारलं की "ठीक आहे" मिळतं आणि वेळ संपते. आत गेल्यावर पहिलंच वाक्य, "मी मराठीत बोलते, तुम्ही हळू बोललात तर मला कळेल." माफी मागायची नाही, मोडकं इंग्रजी जुळवायचं नाही. वही उघडून ठेवा आणि उत्तर त्यांच्यासमोर लिहा. समोर कोणी लिहून घेतंय म्हटल्यावर माणूस आपोआप सावकाश आणि नेमकं बोलतो.

---

काजवा

घबराट थांबवायला एक गोळी मिळते, मुलाखतीआधी घेतात. सभेआधी घ्यावी का?

---

वळचण

@काजवा, तुम्ही बहुधा प्रोप्रॅनोलॉलबद्दल विचारताय. ती धडधड आणि कंप कमी करते, पण डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय अजिबात नको. दमा असलेल्यांना ती धोक्याची आहे, नाडी मुळातच मंद किंवा रक्तदाब कमी असेल त्यांनाही. मित्राच्या पाकिटातली तर कधीच नाही.

मात्र वेगळी मदत कधी घ्यावी हे सांगायला हवं. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ माणूस लोकांत जाणं टाळत असेल, नोकरी, शिक्षण किंवा लग्नकार्य त्यापायी सुटत असेल, तर तो निव्वळ बुजरेपणा राहत नाही. त्यावर चांगले उपचार आहेत. १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

वरच्या पायऱ्यांचाच भाऊबंद असलेला एक मार्ग आपल्याकडे चांगला रुजलेला आहे, विवेकनिष्ठ मानसोपचार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून तो घडवला. त्यांची स्वतःची सुरुवात मजेशीर आहे. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची भीती घालवायला ते न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात रोज जायचे आणि बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रीशी बोलणं काढायचे. अशा शंभरेक जणींशी ते बोलले. भेटायला येण्याचं कबूल करणारी एकच निघाली आणि तीही आली नाही. पण कोणी आरडाओरडा केला नाही, पोलिसांना बोलावलं नाही, आणि भीती गेली. त्यांनी "यश मिळालं का" हे मोजलं नाही, "बोललो का" हे मोजलं. तुमच्या वहीतही तोच रकाना ठेवा.

या पद्धतीतला एक भाग सभेला थेट लागू पडतो. "मी चांगलंच बोललं पाहिजे, अडखळलो तर माझी किंमत गेली" ही मागणी पकडायची आणि तिच्या जागी "चांगलं बोलता आलं तर हवंच आहे, पण अडखळलो तरी प्रश्न विचारलेला असेल" हे ठेवायचं. नुसतं म्हणून भागत नाही. मुद्दाम अडखळून पाहा. ५० च्या पायरीवर, म्हणजे "ऐकू येत नाही" म्हणताना, एक शब्द जाणूनबुजून चुकवा आणि खोलीत काय होतं ते बघा.

---

तळटीप

शेवटची अडचण. आवाज कापला, समोरचा एक जण हसला, उत्तर मिळालं "बघू". मग रात्रभर तेच डोक्यात. त्याचं काय करायचं?

---

दप्तरदार

"बघू" चं मी सांगतो. आठ दिवसांत सचिवांना पत्र: "अमुक तारखेच्या सभेत विषय क्रमांक २ वर मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळावं." इतिवृत्ताचा मसुदा आला की त्यात आपला प्रश्न आहे का पाहा, नसेल तर दुरुस्ती लेखी कळवा. सभेत अर्धवट राहिलेलं बोलणं कागदावर पूर्ण होतं, आणि पुढच्या सभेत पहिल्याच विषयावर, म्हणजे इतिवृत्त कायम करताना, तुम्हाला बोलायला हक्काची जागा तयार होते.

---

वळचण

आणि रात्रीच्या चक्राबद्दल. घरी आल्यावर वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: बोललो का, ऐकू गेलं का, उत्तर आलं का. हसणाऱ्याचीही नोंद करा, पण मोजून, ४० जणांत १. मग वही बंद. कोणी कसं पाहिलं, तो काय म्हणाला असेल, हे घरच्यांना विचारून खात्री करून घेत बसू नका, त्याने शंका दर तासाला परत येते. डोक्यात फिरायला लागलंच तर उद्या संध्याकाळी सहा ते सव्वासहा ही वेळ त्यासाठी ठरवा आणि तोवर हातातलं काम करा.

मोठा धोका वेगळाच आहे. पुढची वार्षिक सभा वर्षाने येणार, आणि इतका मोठा खंड पडला की भीती जुन्या आकड्यावर परतते. म्हणून सभेच्या आठवड्यातच पुढची जागा ठरवून टाका. इमारतीच्या गणेशोत्सवाच्या हिशोबाची बैठक, शाळेतली पालकसभा, ग्राहक भांडाराची सभा, भिशीचा हिशोब, जे जवळ असेल ते. पंधरा दिवसांतून एकदा तरी चारचौघांत दोन वाक्यं झाली पाहिजेत. ज्यांच्या सभा या महिन्यात आहेत त्यांनी आपल्या कार्डावरच्या चार ओळी इथे टाका, स्वरपेटी आणि दप्तरदार दोघंही बघून सुचवतील.